एस्तेरबाई, आपलं पाठांतराचं भांडण

बाई, भांडण अर्धं टाकून गेलात. हे काही तुम्हाला शोभलं नाही.

शुक्रवारी दुपारी बालवाडीच्या ओट्यावर तुम्ही मला गप्प केलंत. मी म्हटलं, "थांबा, सोमवारी उत्तर देते तुम्हाला." तुम्ही हसलात. आणि शनिवारी सकाळी तुमच्या पुतण्याचा फोन आला, की आत्या झोपेतच गेल्या. आता उत्तर कुणाला द्यायचं मी? एवढी वर्षं एका चटईवर बसून आपण गावची पोरं सांभाळली, त्याच चटईवर भांडलो, आणि ऐन माझी पाळी आली तेव्हा तुम्ही उठून चालत्या झालात. राग येतो, बाई. रडूही येतं, पण आधी राग येतो. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे.

तुमच्या मातीला केवढी माणसं लोटली होती! तुमच्या हाताखालून गेलेली बाप्येमाणसं, त्यांच्या बायका, त्यांची पोरं. चर्चचे पाळकसाहेब बोलले. एस्तेरबाईंची स्मरणशक्ती काय वर्णावी, पवित्र शास्त्रातले अध्यायच्या अध्याय मुखोद्गत, तीस वर्षांपूर्वीच्या पोराचं नाव बापाच्या नावासकट सांगायच्या. सगळ्यांनी माना हलवल्या. गेल्या दोन वर्षांबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. तुम्हाला माणसं ओळखू येत नव्हती, जेवलो की नाही ते आठवत नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक. पण ते झाकून ठेवायचं. मला उठून ओरडावंसं वाटत होतं, की अहो, त्या दोन वर्षांतही ही बाई बाईच होती! पण तेवढ्यात बायकांनी गीत धरलं आणि मी पदर तोंडाला लावून उभी राहिले.

माझ्या डोक्यात त्या वेळीही ईश्वरीच होती. तुम्ही तिचं नाव रोज विचारायचात आणि रोज विसरायचात, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सांगते. ईश्वरी म्हणजे आपल्या मंगलची मुलगी. मंगल तुमच्याच हाताखाली शिकली, पुढे पाथर्डीकडे दिली, पण उसाचा हंगाम नसला की सगळी शनिशिंगणापुरात तिच्या माहेरीच असतात. नवरा-बायको दिवाळी झाली की ऊस तोडायला कोपरगावकडे जातात. आजवर पोरगीही त्यांच्याबरोबर जायची. यंदा पहिल्यांदा तिला शेजारीच शिंगणापुरात आजीजवळ ठेवलं आणि आपल्या बालवाडीत घातलं, तेही मी मंगलच्या नवऱ्याशी तासभर हुज्जत घातली तेव्हा. तो म्हणाला होता, "बरं बाई, ठिवतो. पोरगी हुशार निघाली तर म्होरं साळंत घालू. न्हाईतर नेतो संगं, बारक्या भावाला तरी संभाळंल." जूनमध्ये पहिलीत बसायचं की दिवाळीनंतर उसाच्या फडावर भावाला घेऊन बसायचं, एवढंच आहे बघा तिच्यापुढं. मधलं काही नाही.

आणि पोरगी हुशार आहे की नाही, ते ठरवलं कुणी? शाळेच्या नव्या मोठ्या बाईंनी. नगरहून आल्यात. बाई वाईट नाहीत हो, बोलायला गोड आहेत, पोरांना कधी हात लावत नाहीत. पण त्यांनी पहिलीत येणाऱ्या मुलांची जरा चाचपणी करू म्हणून ईश्वरीला समोर बसवलं आणि सात वार म्हणायला सांगितले. पोरगी सोमवारवरून थेट शनिवारवर गेली. कविता म्हणायला सांगितली, तिला पहिलीच ओळ येईना. मग एक चित्र दाखवलं. घर, कौलं, खिडकी, चौकट. दार तेवढं काढायचं ठेवलेलं. "या घरात काय राहिलंय?" ईश्वरीनं निरखून पाहिलं आणि म्हणाली, "समदं हाय."

आता मला सांगा! दर वर्षी सहा महिने उसाच्या पाचटाच्या कोपीत काढलेली पोर, तिथं दार म्हणजे पोत्याचा पडदा. उरलेले सहा महिने शिंगणापुरात आजीकडे, तिथं घराला चौकट असते, दार नसतं, दाराचं काम शनिदेव बघतो. तिनं दार आणायचं कुठून? शितावरून भाताची परीक्षा करा, माझी ना नाही, पण शीत तरी त्याच भातातलं घ्या. मोठ्या बाईंनी आजीला सांगितलं, "मुलीचं स्मरण कमी आहे, बुद्धी बेताची वाटते. एखादं वर्ष घरीच राहू द्या, मग बघू." आजीनं ते फोनवर जावयाला सांगितलं. संपलं.

मी तणतणत तुमच्याकडे आले तेव्हा तुम्ही निंबाखाली खुर्ची टाकून बसला होतात. मी चित्राचं सांगितलं आणि तुम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात. म्हणालात, "बरोबरच सांगितलं की पोरीनं. तिच्या आठवणीतलं घर असंच आहे." मी म्हटलं, "आठवणीचं नाव काढू नका हं, बाई. त्या आठवणीपायीच पोरगी नापास झालीय." आणि झालं आपलं सुरू.

भांडण जुनंच. मी काष्टीहून या गावात लग्न होऊन आले, तुमच्या हाताखाली लागले आणि पहिल्याच महिन्यात तुम्हाला म्हटलं, की ही घोकंपट्टी बंद करा. तुमची पोरं सकाळी टाळ्यांवर वार, महिने, अंक, गाणी म्हणायची. अख्खी आळी ऐकायची. मी म्हणायचे, पाठ तर पोपटालाही होतं. मुलापुढं वस्तू मांडा, त्याला कोडं घाला, विचार करू द्या. तुम्ही म्हणायचात, "ज्याच्या डब्यात पीठच नाही तो भाकरी कशाची थापणार गं, सुनंदे? आधी डबा भरू दे." मी ऐकत नव्हते. तुम्ही मला चिडवायचात, "काष्टीच्या बाजारातली तू, घासाघीस केल्याशिवाय काही घ्यायची नाहीस."

स्नेहसंमेलनातल्या त्या हत्तीची आठवण मी तुम्हाला कितीदा दिली असेन! एका चिमुरडीनं हत्तीची लांबच लांब कविता हातवारे करून म्हटली. पाहुण्यांनी कौतुकानं विचारलं, "बाळ, हत्ती केवढा असतो?" तिनं वीतभर हात दाखवला. तक्त्यावरचा हत्ती तेवढाच होता ना! मी मागून तुम्हाला चिमटा काढला, "घ्या तुमचं पाठांतर." तुम्ही शांतपणे म्हणालात, "असू दे. शब्द आत गेलाय. उद्या खरा हत्ती आला की त्याला उतरायला जागा तयार आहे."

आणि मेला तो हत्ती खरंच आला. साधू लोक हत्ती घेऊन शनीच्या दर्शनाला चालले होते, बालवाडीच्या पुढूनच गेले. सगळी पोरं कुंपणाला चिकटली, बावरली, दोघं रडली. ती चिमुरडी तेवढी नाचायला लागली, "बाई, खांबासारखे पाय! खरंच खांबासारखे! सूप कुठंय? कान, कान!" कवितेतली एकेक ओळ ती हत्तीवर लावून बघत होती. तुम्ही माझ्याकडे नुसतं पाहिलंत. बोलला असतात तर बरं झालं असतं, बाई. तुमचं ते न बोलता बघणं मला आठवडाभर टोचत होतं.

पण तुम्ही नुसत्या पाठांतरवाल्या असतात तर मी तुमच्याजवळ टिकलेच नसते. मला नवी असताना पोरांचा राग यायचा. मी सांगायचे, "लाल वाटी आण, खिडकीत ठेव, हात धू आणि रांगेत बस." पोरगं वाटी आणायचं आणि मध्येच बावळटासारखं उभं राहायचं. मी एकदा वैतागून म्हटलं, "ढ आहे मेलं!" तुम्ही मला बाजूला घेतलंत. म्हणालात, "मुलाची ओटी लहान असते गं. एका वेळी दोन गोष्टी मावतात. तिसरी घातलीस की पहिली खाली पडते. तो ढ नाही, तू जास्त घातलंस." पुढं कितीतरी शिबिरं केली, कितीतरी तज्ज्ञ ऐकले, पण एवढं सोपं कुणी सांगितलं नाही. त्या दिवसापासून मी कुठल्याच पोराला तो शब्द लावला नाही. हे तुमचं देणं आहे, बाई, आणि ते मी तुमच्या तोंडावर कधी कबूल केलं नाही, कारण तुम्ही शेफारला असतात.

मग तुमचं विसरणं सुरू झालं. आधी गंमत वाटली. तुम्ही चहात दोनदा साखर घातलीत, आपण हसलो. मग एके दिवशी तुम्ही मला तुमच्या वारलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारलीत आणि मी "ओ" दिली. त्या दिवशी मी घरी जाऊन भांडी आपटली. माझ्या नवऱ्याला काही कळेना. कसं कळणार? जिच्याशी आयुष्यभर भांडायचं ठरवलं होतं ती भांडणच विसरायला लागली होती. पुतण्या म्हणाला, आत्याला घरी बसवतो. मी म्हटलं, खबरदार. रोज सकाळी मोटारसायकलवर आणून सोडायची. खुर्ची टाकू निंबाखाली, पोरं दिसत राहतील तिला.

ईश्वरी तुमच्याकडे आली ती गाणी येत नव्हती म्हणून. पोरं गाताना तिला हसायची, मग ती हळूच उठून तुमच्या खुर्चीशी जाऊन बसायची. तुम्ही विचारायचात, "तुझं नाव काय गं?" ती सांगायची. थोड्या वेळानं पुन्हा विचारायचात. ती पुन्हा सांगायची, कपाळाला आठी नाही. मी असते तर तिसऱ्यांदा फणकारले असते.

तुमची दुपारची गोळी राहून जायची. मी खिचडी वाटण्यात असायचे, तुम्हाला भान नसायचं. म्हणून मी आपली जुनी युक्ती केली, तुमच्या पदराला गाठ मारली. आपल्या आया मारायच्या तशी. काही ध्यानात ठेवायचं असलं की पदराला गाठ. तुम्ही दुपारी ती गाठ चाचपली, म्हणालात, "ही कसली गाठ?" आणि सोडून टाकलीत. झालं! आठवण राहावी म्हणून गाठ, आणि गाठ कशाची तेच आठवेना. मी कपाळावर हात मारला. ईश्वरी बघत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी खिचडीचं पातेलं उतरवतेय तर तुमचा आवाज आला, "सुनंदे, अगं, माझी गोळी राहिली!" मी हातातलं टाकून धावले. तुमच्या पदराला गाठ होती, अर्धी सुटलेली, आणि गाठीच्या आत गोळ्यांच्या पाकिटाचा रिकामा चंदेरी तुकडा. कुणी केलं हे? ईश्वरी खाली बघत म्हणाली, "मी." "कुणी शिकवलं तुला?" तर म्हणते, "कुनी न्हाई. नुसत्या गाठीला सांगता येत न्हाई ना, कशाची हाय ती. मंग तिच्या पोटातच घातलं."

बाई, मी आधी तुम्हाला गोळी दिली. पुढं आठवडाभर मी नुसती बघत राहिले. तुम्ही पाणी प्यायचं विसरता हे पोरीच्या ध्यानात आलं होतं. पण पाणी बांधणार कसं? एक अख्खा दिवस ती खेळायलाच गेली नाही. मी विचारलं तर म्हणाली, "पानी बांदता येत न्हाई, बाई." आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या पदरात बाटलीचं झाकण! तुम्ही गाठ सोडलीत, झाकण बघितलंत आणि घटाघटा तांब्याभर पाणी प्यायलात. हिची बुद्धी बेताची म्हणे.

शुक्रवारी तुम्ही जरा ताळ्यावर होतात, म्हणून मी संधी साधली. म्हटलं, "बाई, आता तरी हरलात म्हणा. जिला सात वार पाठ होत नाहीत ती असला विचार करते. बुद्धी वेगळी आणि आठवण वेगळी." तुम्ही निंबाकडे बघत राहिलात. मला वाटलं, हरवल्या पुन्हा. आणि मग तुम्ही म्हणालात, "सुनंदे, तुझी गाठ मी सोडून टाकली, हे तिला कालचं आज आठवलं, म्हणून तिला नवी गाठ सुचली ना? आठवलं नसतं तर तिनं विचार कशाचा केला असता? पोरीची आठवण चांगली आहे. तुम्ही तिला जे विचारता ते तिच्या कामाचं नाही, एवढंच."

"सोमवारी सांगते," म्हणून मी वेळ मारून नेली. पाच मिनिटांनी तुम्ही माझ्याकडे वळलात आणि विचारलंत, "बाई, तुम्ही कुठल्या?" मी म्हटलं, "काष्टीची." तुम्ही म्हणालात, "लांबून आलात." हे आपलं शेवटचं बोलणं.

आज सकाळी मी शिंगणापुरात गेले. मंगल आणि तिचा नवरा हंगाम संपवून परवाच आलेत. अंगणात अजून टेम्पोतून उतरवलेलं सामान पडलेलं, पत्र्याची पेटी, भांड्यांचं पोतं. आणि ईश्वरीच्या कडेवर भाऊ. आईबाप येऊन दोन दिवस झाले नाहीत तर पोरीच्या कडेवर पोर आलं होतं. माझं टाळकंच सरकलं, पण म्हटलं, सुनंदा, जीभ आवर.

तिचा बाप म्हणाला, "बसा बाई. एस्तेरबाईंचं कळलं, लई वाईट झालं. च्या टाक गं."

मी म्हटलं, "चहा नंतर. पोरीला जूनमध्ये पहिलीत बसवायचं आहे."

"मोठ्या बाई तर म्हनल्या, हिच्या डोक्यात काय ऱ्हात न्हाई."

मी त्याला सगळं सांगितलं. पदर, गोळी, झाकण. हातवारे करून सांगितलं. मंगल चुलीपासून उठून चौकटीशी येऊन उभी राहिली. तो ऐकून हसला, वाईट नाही, थकल्यासारखा हसला. "आवो बाई, गाठी मारून कुठं साळा शिकत्यात व्हय? आमी अडानी मानसं. पन एवढं कळतं, ज्याच्या ध्येनात ऱ्हात न्हाई त्याला साळा काय कामाची? तिथं जाऊन ढ म्हनून घ्यायचं, त्यापरीस आमच्यासंगं बरी."

त्याचंच उत्तर मी शुक्रवारपासून शोधत होते, बाई. तेवढ्यात ईश्वरीनं भावाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि बापाला म्हणाली, "एस्तेरबाईंच्या तर माझं नावबी ध्येनात ऱ्हात नव्हतं. रोज इचारायच्या."

"मंग?"

"मंग त्या ढ हुत्या का?"

बाप खाली बघायला लागला. त्या घरात, त्या गावात, तुम्हाला ढ म्हणणारं माणूस जन्माला यायचं आहे.

हेच माझं सोमवारचं उत्तर होतं, पोरीनं माझ्या तोंडातून काढून घेतलं. आठवण हवी, मान्य. तुम्ही म्हणालात तसं आठवणीशिवाय पीठ नाही. पण पाच मिनिटांपूर्वीचं काही हाताशी नसताना तुम्ही मला शुक्रवारी चीत केलंत, बाई! ते कुठून आलं? डबा रिकामा होत चालला तरी भाकरी थापणारे हात होतेच की. आता द्या उत्तर. नाही देता येत ना? मग बसा गप्प. मी एकदा तरी जिंकले असं समजते, आणि तुम्ही समोर नाही म्हणून त्या जिंकण्यात काही राम नाही, हेही सांगून टाकते.

मंगल चौकटीशी होती ती पुढं आली. आजवर नवऱ्यापुढं मान वर करून बोलताना मी तिला पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "म्या न्हेनार न्हाई तिला. बारक्याला मी बघन. मोळीसंगं त्यालाबी वागवन."

"आन मागं पडली पोरगी तर?" नवऱ्यानं मला विचारलं, तिला नाही.

"मी जबाबदार," मी म्हटलं.

"लिहून देता का?"

"तोंडानं देते. रोज भेटते, पळून कुठं जाते मी?"

त्यानं पत्र्याची पेटी उचलून भिंतीशी ठेवली. मग म्हणाला, "बरं. बसवा मंग."

आता माझा बेत ऐका. जूनपर्यंत सात वार, बारा महिने, शंभरापर्यंत अंक, सगळं तिच्याकडून पाठ करून घेणार आहे. हो, पाठ! तुमच्याच टाळ्यांवर. हसू नका. पण वार बाजारावरून शिकवणार, सोनईचा बाजार कधी, घोडेगावचा कधी, आजी कुठल्या दिवशी काय आणते, म्हणजे प्रत्येक वाराच्या पोटात काहीतरी असेल. मोठ्या बाईंशीही बोलणार आहे, गोडीनं. त्यांना आपल्या ओट्यावर बोलावणार, पोरं खेळताना तासभर नुसतं बसा म्हणणार. नाही ऐकलं तर मग काष्टीच्या बाजारातली आहेच मी. पहिल्या दिवशी पोरीचा हात धरून मीच तिला वर्गात नेऊन बसवणार, आणि वर्ष संपेपर्यंत रोज दुपारी जाऊन विचारणार, आज काय केलं. या पोरीला मागं पडू देणार नाही.

तोंडानं मोठा शब्द दिला खरा, पण घाबरले आहे, बाई. तुम्ही असतात तर निम्मा भार तुमच्यावर टाकला असता.

चहा पिऊन निघाले तर ईश्वरी म्हणाली, "मी येती फाट्यापतुर." तिनं भावाला उचलून आईच्या कडेवर दिलं आणि माझ्या पुढं पळत सुटली, मोकळ्या हातांनी.